दिलेला क्रमांक परत घेऊ नका

प्रति,
घड्याळांच्या मूव्हमेंट, म्हणजे आतली मशीन, बनवणाऱ्या कंपन्यांचे अभिलेख विभाग,
तसेच विज्ञानकथा मालिकांचे प्रकाशक, निर्माते आणि प्रसारक यांस

सप्रेम नमस्कार.

तुम्हा दोघांना मिळून एकच पत्र का, असं वाटेल. माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला दिवा, भिंग, चिमटे आणि उघडलेलं एखादं जुनं घड्याळ असतं. डाव्या बाजूला विज्ञानकथांच्या मालिका असतात, पुस्तकातल्या आणि पडद्यावरच्याही. गेली २२ वर्षं माझी संध्याकाळ या दोन बाजूंमध्ये जाते आणि दोन्हीकडे मी क्रमांकाचं बोट धरून चालते. मशीनवर कोरलेला कॅलिबर क्रमांक, म्हणजे त्या जातीच्या मशीनचा क्रमांक, मला सांगतो की आत काय आहे आणि त्याला कोणता भाग लागेल. मालिकेच्या भागावरचा क्रमांक सांगतो की याआधी काय घडून गेलं आहे. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन उत्तरं आली आणि गप्प बसणं अशक्य झालं.

पहिलं उत्तर एका घड्याळ-कंपनीचं. त्यांच्या काही मशीनना पूर्वी एक क्रमांक होता, नंतर त्याच मशीनना दुसरा मिळाला. दोन्हींचा मेळ दाखवणारी यादी मी मागितली होती. ही माहिती फक्त अधिकृत सेवा केंद्रांसाठी आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं. दुसरं उत्तर एका प्रसारण सेवेचं. त्यांनी एका जुन्या विज्ञानकथा मालिकेची पर्वं नव्याने मोजली, दोन-दोन भागांच्या कथा जोडून एकेक केल्या, विशेष भाग वेगळ्या कप्प्यात टाकले आणि मधल्याच एका पर्वावर 'पर्व १' अशी पाटी लावली. तक्रार केल्यावर कळलं की हे नव्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी केलं आहे.

माझ्या घरातला नवा प्रेक्षक १४ वर्षांचा आहे. माझा भाचा. वर्षभर मी त्याला सांगत होते की ही मालिका पहिल्यापासून बघ, घाई करू नकोस. त्याने शब्द पाळला, 'पर्व १, भाग १' लावला. मी खोलीत आले तेव्हा पडद्यावर एका पात्राला निरोप दिला जात होता. ज्याच्या जाण्याने मी कधीकाळी दोन दिवस नीट जेवले नव्हते, ते हे पात्र. भाचा कोऱ्या चेहऱ्याने बघत होता. "मावशी, हा कोण? मी पहिलाच भाग लावलाय ना?" पहिलाच लावला होता त्याने. पाटी खोटी होती. तो निरोप त्याला आता पहिल्यांदा कधीच भेटणार नाही.

उजव्या बाजूचं नुकसान याहून जुनं आहे. बाबा घड्याळजी होते. त्यांच्या वहीत प्रत्येक मशीनला एक ओळ दिलेली आहे: आधी क्रमांक, मग व्यास, मग सेटिंग लिव्हरच्या स्प्रिंगचं पेन्सिलने काढलेलं छोटं चित्र, कारण क्रमांक पुसट असला की त्या पातळ पोलादी पट्टीच्या आकारावरून मशीन ओळखतात. ओळीच्या शेवटी, कोणाचा कोणता भाग कोणाला चालतो. ती वही घेऊन मी शिकले.

चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या आईचं घड्याळ माझ्याकडे आलं. हातातून पडलं होतं आणि बॅलन्स या झुलत्या चाकाचा स्टाफ, म्हणजे ज्या बारीक दांड्यावर ते चाक झुलतं तो, मोडला होता. बॅलन्स उचलल्यावर खालच्या प्लेटवर क्रमांक स्वच्छ दिसला. यादीत त्या क्रमांकापुढे एकच स्टाफ होता, तो मागवला. मोडका काढला, चाक नव्या स्टाफवर बसवून रिव्हेट केलं, हेअरस्प्रिंग चढवली, बॅलन्स मशीनमध्ये ठेवून ब्रिजचा स्क्रू आवळला. चाक जागेवर राहीना. चिमट्याने हलकेच उचललं तर नको तेवढं वर येत होतं. पुढे कळलं की त्याच मशीनला कंपनीने मधल्या काळात शॉक-प्रूफ बेअरिंग दिलं, त्यासाठी स्टाफ बदलला आणि प्लेटवरचा क्रमांक मात्र आहे तसाच ठेवला. चुकीचा स्टाफ पुन्हा काढताना चाकाच्या मधलं भोक किंचित मोठं झालं. किंचित म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकं, पण तेवढ्याने मूळ चाक वाया गेलं. मैत्रिणीच्या आईला फोन करून ते सांगताना मला काय वाटलं, हे तुमच्या एका ओळीच्या उत्तरात मावण्यासारखं नाही.

तर आता तक्रारी. पुढे ज्या कंपन्यांची आणि मालिकांची नावं येतील, ती सर्वांना ठाऊक असलेल्या इतिहासातली आहेत. वर सांगितलेल्या दोन्ही उत्तरांशी त्यांचा संबंध नाही.

पहिली तक्रार अशी की क्रमांकाला अर्थ असतो, पण तो कशात वाचायचा हे तुम्ही सांगत नाही. जुन्या मशीनचा आकार लीन्य या फ्रेंच मापात मोजत. एक लीन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर, फ्रेंच इंचाचा बारावा भाग. लाँजिनच्या '१३झेडएन' या क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचचीही सोय असलेल्या, मशीनमधले १३ हे लीन्य आहेत. त्याच लाँजिनच्या पुढच्या '३०सीएच'मधले ३० हे मिलिमीटर आहेत. १३ लीन्यचे मिलिमीटर केले तर उत्तर २९च्या थोडं वर येतं. म्हणजे शेजारी ठेवली तर ही दोन्ही मशीन जवळपास एकाच मापाची, आणि क्रमांक मात्र एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा. पाटेक फिलिपच्या '२७-४६०'मध्ये २७ मिलिमीटर व्यास आणि ४.६० मिलिमीटर जाडी लिहिलेली आहे. त्यांच्याच '१२-४००'मधले १२ पुन्हा लीन्य. हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी क्रमांक म्हणजे मशीनची कुंडलीच. ज्याला माहीत नाही तो वर्षानुवर्षं अंदाज बांधतो. एका पानाची टीप दिली असती तर हे झालं नसतं.

क्रमांक किती बोलका असू शकतो हे बघायचं असेल तर सोव्हिएत कारखान्यांची मशीन बघा. पहिले दोन अंक व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. पुढचे दोन अंक मशीन काय काय करते त्याचे. ०९ म्हणजे मध्यभागी सेकंदकाटा, १४ म्हणजे त्यात तारीख, १६ म्हणजे तारीख आणि शिवाय आपोआप चावी भरणारं मशीन. वोस्तोकचं २४०९, २४१४, २४१६ हे एकापुढे एक वाचले तर एकाच २४ मिलिमीटरच्या घरात काय काय वाढत गेलं ते कळतं. पोल्योतचं ३१३३ म्हणजे ३१ मिलिमीटरचं, तारीख दाखवणारं क्रोनोग्राफ. रशियन भाषेचं एक अक्षर न येणाऱ्यालाही हे वाचता येतं. मी पहिल्यांदा हे समजून घेतलं त्या रात्री बाबांच्या वहीतल्या सगळ्या सोव्हिएत ओळी पुन्हा वाचून काढल्या. आधी जे नुसते आकडे होते त्यांत आता घड्याळं दिसायला लागली होती.

विज्ञानकथेतही असाच एक क्रमांक आहे. स्टार ट्रेकच्या १९८७ साली सुरू झालेल्या मालिकेत कप्तान नोंदवहीत जी तारीख सांगतो, ती पाच अंकी असते. पहिला अंक ४, चोविसाव्या शतकाची खूण म्हणून. दुसरा अंक पर्वाचा. ४१ने सुरू होणारी तारीख ऐकली की हे पहिलं पर्व, ४३ ऐकलं की तिसरं. मूळ १९६६च्या मालिकेत हे आकडे कसेही पुढे-मागे जायचे. नंतरच्या लेखकांनी त्यांना शिस्त लावली आणि ती शिस्त आजही उपयोगी पडते. कुठल्याही ॲपने भाग कसेही मांडले तरी कप्तानाने तोंड उघडलं की मला पर्व कळतं.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे: एक क्रमांक दोन वस्तूंना देणं. वर ज्या सोव्हिएत पद्धतीचं मनापासून कौतुक केलं, तिच्यातही हा दोष आहे. २६०९ हा क्रमांक मॉस्कोच्या पोल्योतच्या मशीनलाही आहे आणि पेत्रोद्वोरेत्सच्या राकेताच्या मशीनलाही. माप तेच, काम तेच, म्हणून पद्धतीप्रमाणे क्रमांक तोच आला. पण मशीन वेगवेगळी आहेत. फरक कळतो तो कारखान्याच्या शिक्क्यावरून आणि शेपटाला जोडलेल्या अक्षरांवरून, आणि भाग विकणारा नेमकी तीच अक्षरं गाळतो. तिथे निदान हेतू स्वच्छ होता. जाणूनबुजून जुना क्रमांक उचलून नव्या वस्तूला लावणं ही वेगळी गोष्ट. १९६९ साली ह्युअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्युरेन आणि द्युब्वा देप्राझ यांनी मिळून जे स्वयंचलित क्रोनोग्राफ आणलं ते 'कॅलिबर ११'. ब्युरेनच्या छोट्या रोटरच्या, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या चकतीच्या, मशीनवर क्रोनोग्राफचा मजला चढवलेलं ते काम म्हणजे घड्याळाच्या इतिहासातला एक टप्पा आहे. आज टॅग ह्युअरकडे 'कॅलिबर ११' आहे, पण त्याचा पाया दुसऱ्याच मशीनचा. नावाचा मान राखायचा म्हणून हे केलं असेल. पण १९६९च्या मशीनचा भाग शोधणाऱ्याला आता दोन ढिगांतून शोधावं लागतं. आणि उलटंही घडतं: त्यांच्याच 'कॅलिबर ५' या एका नावाखाली कधी ईटीए या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं २८२४-२ असतं, कधी सेलिटा या दुसऱ्या कंपनीचं एसडब्ल्यू२००. ही दोन जुळी म्हणावीत इतकी जवळची आहेत, तरी एकात २५ ज्वेल, म्हणजे घर्षण कमी करणारे खडे, आहेत आणि दुसऱ्यात २६. झाकण उघडेपर्यंत आत कोण आहे हे मालकालाही माहीत नसतं.

याच जातीची गोष्ट डॉक्टर हूची. १९६३ साली सुरू झालेली ही मालिका १९८९पर्यंत २६ पर्वं चालली. २००५ साली ती परत आली आणि मोजणी पुन्हा १पासून झाली. निदान शब्द तरी बदलला होता, जुन्यांना 'सीझन' म्हणत, नव्यांना 'सिरीज' म्हणायला लागले. २०२४ साली परत 'सीझन १' आला. म्हणजे आता एकाच मालिकेला तीन पहिली पर्वं आहेत. कोणी मला म्हणालं की पहिलं पर्व बघ, तर मी ६१ वर्षांच्या अंतरातल्या कुठल्या वर्षी जायचं?

तिसरी तक्रार: क्रमांक एक सांगतो आणि वस्तू दुसरी असते. रोलेक्सचं १५७५ हे तारखेचं मशीन आहे, पण त्याच्या ब्रिजवर १५७० असं कोरलेलं सापडतं, कारण ब्रिज तारीख नसलेल्या भावंडासाठी बनलेला होता. कारखान्याच्या दृष्टीने हे अगदी समजण्यासारखं आहे. सारखा ब्रिज दोनदा का कोरायचा? पण ४०-५० वर्षांनी ते घड्याळ उघडणाऱ्याला ही घरातली गोष्ट कोण सांगणार? सेइकोच्या अनुक्रमांकाचंही असंच. पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं चिन्ह महिन्याचं, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. सुंदर पद्धत. फक्त दशक नाही. ६३०९सारखं मशीन १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढच्या दशकात बरीच वर्षं बनत राहिलं, तेव्हा अनुक्रमांक ७ने सुरू झाला तर घड्याळ १९७७चं की १९८७चं, हे तबकडी आणि घड्याळाची बाहेरची केस बघून ठरवावं लागतं. एका अंकाची जागा वाचवल्याचा हा परिणाम.

प्रसारकहो, तुमच्याकडे याचं उदाहरण म्हणजे फायरफ्लाय. २००२ साली ही मालिका दाखवली गेली तेव्हा दोन तासांचा पहिला भाग, ज्यात प्रत्येक माणूस जहाजावर कसा आला ते आहे, तो सर्वांत शेवटी दाखवला. तोवर मालिका बंद करण्याचा निर्णय झालेला होता. बनलेल्या १४ भागांपैकी ११च दाखवले गेले. ज्यांनी बनवलं त्यांनी क्रम नीट लावलेला होता आणि दाखवणाऱ्यांनी तो मोडला. स्टार ट्रेकच्या बाबतीत १९६६ साली थोडं असंच झालं: मालिका मंजूर ज्या भागावर झाली तो प्रेक्षकांना तिसऱ्या आठवड्यात दिसला.

मागाहून क्रमांक देण्याबद्दल मी थोडी जपून लिहिते, कारण तिथे माझंही मन दोन बाजूंना ओढलं जातं. १९७७ साली स्टार वॉर्स पाहणाऱ्या लोकांनी क्रमांक नसलेला चित्रपट पाहिला. १९८०च्या पुढच्या चित्रपटाच्या सुरुवातीला एकदम 'भाग ५' आला आणि १९८१ साली पहिला चित्रपट पुन्हा लागला तेव्हा त्यावर 'भाग ४' चढलेला होता. मग १९९९ साली भाग १ आला. कथेच्या काळाप्रमाणे हे क्रमांक बरोबर आहेत. आधी घडलेलं बरंच काही सांगायचं शिल्लक आहे, हे त्या '४'ने वर्षानुवर्षं जागतं ठेवलं, हेही खरं. पण १ पासून ६ पर्यंत ओळीने बघणाऱ्याच्या हातून पाचव्या भागातला बापलेकाचा धक्का निसटतो, कारण तिसऱ्याने तो आधीच सांगून टाकलेला असतो. आयझॅक असिमॉव्ह यांच्या फाउंडेशन मालिकेतही कथेच्या काळानुसार पहिलं येणारं पुस्तक १९८८ सालचं आहे, तर मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ची. असिमॉव्ह यांनी १९८८च्या त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपेत आपली पुस्तकं कथेच्या काळानुसार कशी लागतात त्याची यादी दिली. मला हाच सभ्य मार्ग वाटतो. कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे न खोडता वाचकाला दुसरी वाट दाखवायची.

वर्षालाच क्रमांक बनवण्याचा मोहही आवरा. आर्थर सी. क्लार्क यांच्या मालिकेची नावं २००१, २०१०, २०६१, ३००१ अशी आहेत; ती कथेतली वर्षं आहेत आणि चढती आहेत, त्यामुळे गोंधळ होत नाही. घड्याळात मात्र 'कॅलिबर १८८७' असं वाचल्यावर अनोळखी माणसाला ते मशीन १९व्या शतकातलं वाटतं. ते एका जुन्या पेटंटचं वर्ष होतं, मशीन २०१०च्या आसपासचं.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं पाळणं व्यवहारात जमत नाही. जमतं. तुमच्यापैकीच अनेकांनी ते करून दाखवलं आहे, म्हणून तर मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

१८९४ साली स्वित्झर्लंडमधल्या बिएनच्या ब्रांट बंधूंच्या कारखान्यात १९ लीन्यचं एक मशीन तयार झालं. त्याचा कोणताही भाग जगातल्या कोणत्याही घड्याळजीला कानस न लावता बदलता यावा, अशा रीतीने ते बनवलं होतं. त्या कॅलिबरचं नाव ओमेगा. ते इतकं चाललं की १९०३ साली कंपनीनेच ते नाव घेतलं. एका मशीनच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं, आणि ते मशीन गाजलं ते भाग बदलण्याच्या सोयीसाठी. याच ओमेगाने १९४९ साली सगळी मशीन तीन अंकी क्रमांकांत आणली. '२७ सीएचआरओ सी१२' होतं ते ३२१ झालं. नव्या पद्धतीत पहिला अंक कुळाचा होता. पुढे ८६१ आलं, त्यातून १८६१, त्यातून ३८६१. नुसतं वाचून कळतं की हे एकाच घरातलं आहे. आणि २०१९ साली ३२१ पुन्हा बनवायचं ठरलं तेव्हा त्या जुन्या रचनेचंच मशीन बनवून त्याला ३२१ म्हटलं. जुना क्रमांक परत आणायचा तर असा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्विस मशीनच्या सुट्या भागांचे क्रमांक. ४०१ म्हणजे चावीचा स्टेम. ७०५ एस्केप व्हील, ७१० पॅलेट फोर्क, ७२३ बॅलन्स स्टाफ, ७७० मेनस्प्रिंग. कंपनी कोणतीही असो, मशीन लहान असो की मोठं. मी ज्याच्याशी एक शब्द बोलू शकत नाही अशा माणसाला मशीनचा क्रमांक आणि त्यापुढे ४०१ एवढंच लिहून पाठवते आणि पाकिटातून स्टेम येतो. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कारखान्यांनी हे आकडे मान्य केले. बाबांना जर्मन येत नव्हतं, फ्रेंच येत नव्हतं, आणि हे आकडे होते म्हणून त्यांचं काम कधी अडलं नाही.

आणि झेनिथ या घड्याळ-कंपनीतले शार्ल व्हर्मो. १९७५ साली झेनिथच्या तेव्हाच्या मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करून हत्यारं मोडीत काढायला सांगितली. एल प्रिमेरो हे मशीन, कागदोपत्री ३०१९ पीएचसी, तेव्हा सहा वर्षांचं होतं. व्हर्मोंनी त्याची प्रेस, कॅम, कटर अशी हत्यारं कारखान्याच्या माळ्यावर लपवली, आणि नुसती लपवली नाहीत. प्रत्येकावर खूण केली, कोणतं कशासाठी ते वहीत लिहून ठेवलं. जवळपास दहा वर्षांनी मशीन पुन्हा बनवायचं ठरलं तेव्हा ती वही होती म्हणून काम सुरू झालं. पुढे तेच मशीन ४०० झालं, आणि रोलेक्सने १९८८ साली त्यात मोठे फेरफार करून, ठोके ताशी ३६,०००वरून २८,८००वर आणून, ४०३० म्हणून वापरलं. तीन क्रमांक, एकच वंश. तो आज आपल्याला सलग सांगता येतो, कारण त्या माणसाने चिठ्ठ्या लावल्या होत्या.

मालिकावाल्यांकडेही अशी माणसं होती. डॉक्टर हूमध्ये तिसऱ्या पर्वाच्या शेवटाजवळपर्यंत प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव असे, अख्ख्या कथेचं नाव पडद्यावर येत नसे, त्यामुळे अगदी पहिल्या कथेला काय म्हणायचं यावरही एकमत नाही. पण निर्मितीच्या कागदांवर प्रत्येक कथेला अक्षर होतं: ए, बी, सी, झेड संपल्यावर एए, मग एएए, मग ४ए. नावावर कितीही वाद होऊ देत, 'ए' म्हटलं की कोणती कथा यावर वाद नाही. या मालिकेचा नायक डॉक्टर वेळोवेळी नवं रूप घेतो आणि त्या रूपांना पहिला, दुसरा असे क्रमांक आहेत. आणि २०१३ साली एक विसरलेला डॉक्टर मधेच उघड झाला, आठव्या आणि नवव्याच्या मध्ये, तेव्हा निर्मात्यांनी त्याला 'वॉर डॉक्टर' असं नाव दिलं आणि बाकी कोणाचा आकडा हलवला नाही. नववा नववाच राहिला. मधे काही घालायचं असेल तर ते असं घालावं.

मोठ्या आकड्याने नवा माणूस बिचकतो, हा तुमचा युक्तिवाद मी मनावर घेऊन विचार केला. पेरी ऱ्होडान ही जर्मन विज्ञानकथा मालिका सप्टेंबर १९६१पासून दर आठवड्याला निघते. तिने ३,०००चा आकडा २०१९ साली ओलांडला. तिथे सलग क्रमांक कधी मोडलेला नाही. त्यासोबत कथाचक्रं आहेत, प्रत्येक चक्र म्हणजे नव्या वाचकासाठी दरवाजा. दोन्ही आकडे एकत्र नांदतात. नव्याला दार मिळालं आणि माझ्यासारख्या जुन्याचा पत्ताही बदलला नाही.

माझ्या मागण्या.

घड्याळ-कंपन्यांनो, जुन्या आणि नव्या कॅलिबर क्रमांकांचा मेळ दाखवणारी यादी सर्वांसाठी खुली करा. नक्कल करणारे तिचा गैरवापर करतील अशी भीती असेल तर उलट बाजू बघा: वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून 'अस्सल' म्हणून विकणाऱ्याला आज कोणी अडवू शकत नाही, कारण ग्राहकाकडे ताडून बघायला काही नाही. बंद झालेला क्रमांक दुसऱ्या मशीनला देऊ नका. जिथे तुमचं नाव दुसऱ्याच्या मशीनवर आहे तिथे मूळ मशीनचा क्रमांकही प्लेटवर असू द्या. एखादा भाग बदलला आणि जुना त्याला चालत नसेल, तर क्रमांकाला शेपूट जोडा, एक अक्षर किंवा एक आडवी रेघ आणि अंक, जसं ईटीएने २८२४ला '-२' जोडलं. आणि ते शेपूट बॅलन्स न उचलता दिसेल अशा जागी कोरा.

प्रकाशक, निर्माते आणि प्रसारकांनो, पहिल्या प्रसिद्धीचा क्रमांक कायम ठेवा. कथेच्या काळाचा क्रम द्यायचा असेल तर शेजारी द्या. प्रत्येक भागाखाली पहिल्या प्रसारणाची तारीख आणि असल्यास निर्मितीचा क्रमांक दाखवा. हे तुमच्या नोंदींत आहेच, फक्त पडद्यावर येऊ द्या. दोन भागांचा एक करताना किंवा एकाचे दोन करताना तसं लिहा. विशेष भाग जिथे घडतो त्या जागी ठेवा. मोजणी पुन्हा १पासून करायची असेल तर सलग आकडाही सोबत ठेवा. आणि जी मालिका मधून नव्याने मोजली आहे तिच्या त्या 'पर्व १'वर आजच, नव्या आवृत्तीची वाट न बघता, मूळ पर्वाचा आकडा लिहा. माझ्या भाच्यासाठी उशीर झाला आहे. त्याची धाकटी बहीण पुढच्या वर्षी बघायला लागेल.

बाबांच्या वहीत ४१ ओळींमध्ये दोन क्रमांकांच्या मध्ये पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. त्यांना दोन्ही मशीन एकच वाटत होती, पण खात्री करून घ्यायला कोणी नव्हतं. ज्या कंपन्यांची ही मशीन आहेत त्यांना त्या ओळींची प्रत या पत्रासोबत वेगळी पाठवते आहे, माप आणि स्प्रिंगच्या चित्रासह. उत्तरं तुमच्या कपाटात आहेत. प्रश्नचिन्हाच्या जागी 'होय' किंवा 'नाही' लिहून ती पानं परत पाठवावीत, ही विनंती.

आपली,
घड्याळं दुरुस्त करणारी आणि विज्ञानकथा वाचणारी एक वाचक